रेल्वे मंजूर होते, पण पैसे कुठे अडकतात? नगर-बीड-परळीच्या ३० वर्षांची गोष्ट

१७ सप्टेंबर २०२५. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. बीडच्या नव्याकोऱ्या रेल्वे स्टेशनवर तुफान गर्दी. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस आणि तेव्हा बीडचे पालकमंत्री असलेले उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी हिरवा झेंडा दाखवला आणि बीडहून अहिल्यानगरकडे पहिली प्रवासी गाडी निघाली. त्या दिवशी रील्स, स्टेटस, फेसबुक लाइव्ह, जिकडेतिकडे एकच व्हिडिओ होता. डिझेलवर धावणारी साधी डेमू गाडी. वंदे भारत नाही, एसी नाही. तरी लोक रुळांच्या कडेला उभं राहून हात हलवत होते.

बाहेरच्यांना त्या दिवशी प्रश्न पडला असेल, एका पॅसेंजर गाडीचं एवढं काय? तर या गाडीला १९९५ च्या सुमारास मंजुरी मिळाली होती. म्हणजे मंजुरीच्या वर्षी बीडमध्ये जन्मलेलं मूल पहिली गाडी आली तेव्हा तिशीत पोचलं होतं. आणि काम अजून पूर्ण झालेलं नाही. बीडपासून पुढे परळीपर्यंतचे जवळपास ९५ किलोमीटर बाकी आहेत.

आपल्याकडे रेल्वेच्या बातम्या साधारण तीनच प्रकारच्या असतात. "मागणी केली", "मंजुरी मिळाली" आणि "लोकार्पण झालं". मंजुरी आणि लोकार्पण यांच्यामध्ये जी १०, २०, ३० वर्षं जातात, तिथे नेमकं काय होतं? सरकारकडून पैसे मिळणं म्हणजे काय? हे समजून घ्यायला नगर-बीड-परळीइतकं चांगलं उदाहरण महाराष्ट्रात दुसरं नाही.

आधी थोडे आकडे

मार्गाची लांबी २६१ किलोमीटर. मंजुरीच्या वेळी अंदाजे खर्च ३५३ कोटी रुपये. आताचा सुधारित खर्च ४,८०५ कोटी रुपये. म्हणजे साडेतेरा पटीहून जास्त.

हा आकडा वाचला की पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते, "सगळा पैसा खाल्ला." खाल्ला की नाही हे चौकशीनेच कळेल, पण फक्त वाढलेल्या आकड्यावरून ते सिद्ध होत नाही. दरवर्षी सरासरी ६ ते ७ टक्के महागाई धरली, तर ३० वर्षांत कुठल्याही गोष्टीची किंमत साधारण पावणेसहा ते साडेसात पट होते. त्या हिशेबाने ३५३ कोटींचे आपोआप २,००० ते २,७०० कोटी होतात. यात कुणी काही केलेलं नाही, फक्त उशीर केलाय.

उरलेली वाढ कुठून आली? मोठा भाग जमिनीचा. २०१३ चा भूसंपादन कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. त्याआधी १८९४ चा, इंग्रजांच्या काळातला कायदा होता आणि शेतकऱ्याला मिळणारा मोबदला तुटपुंजा असायचा. नव्या कायद्यानुसार ग्रामीण भागात बाजारभावाच्या चार पटीपर्यंत मोबदला मिळू शकतो. हे योग्यच झालं. पण जी जमीन २०१४ च्या आधी घेता आली असती ती नंतर घेतली, की प्रकल्पाचा खर्च उडी मारणारच. त्यात आता नवा रेल्वेमार्ग बांधताना फाटकं ठेवत नाहीत. प्रत्येक ठिकाणी उड्डाणपूल नाहीतर भुयारी रस्ता करावा लागतो. विद्युतीकरणाचा खर्च वेगळा.

कासव आणि व्याज

आता या सगळ्या गोष्टीतला कळीचा मुद्दा. समजा ३५३ कोटींचा प्रकल्प आहे. सरकार म्हणतं, पैसे देतो, पण दरवर्षी १० कोटी. आपल्याला वाटतं, ठीक आहे, ३५ वर्षांत होईल. तसं होत नाही. ६ टक्के महागाईने ३५३ कोटींचा प्रकल्प वर्षभरात २१ कोटींनी महागतो. तुम्ही दिले १० आणि खर्च वाढला २१. वर्षाच्या शेवटी तुम्ही सुरुवातीपेक्षा जास्त लांब आहात. पुढच्या वर्षी आणखी लांब. या वेगाने तो प्रकल्प ३५ वर्षांत काय, कधीच पूर्ण होणार नाही.

हे उदाहरणासाठी धरलेले आकडे आहेत, पण देशातल्या शेकडो रेल्वेमार्गांचं गणित दशकानुदशकं असंच चाललं. बजेटमध्ये नाव आहे म्हणून खासदार खूश. काम "सुरू" आहे म्हणून रेल्वे खूश. आणि तरतूद इतकी कमी, की प्रकल्प दरवर्षी थोडा थोडा मागे सरकतोय. काही मार्गांना तर एखाद्या वर्षी फक्त १,००० रुपये दिले जातात. हजार कोटी नाही, हजार रुपये! नाव यादीतून जाऊ नये म्हणून ठेवलेली ती टोकन रक्कम असते.

८ जुलै २०१४ ला तेव्हाचे रेल्वेमंत्री सदानंद गौडा यांनी लोकसभेत रेल्वे अर्थसंकल्प मांडताना याची कबुली दिली होती. त्यांनी सांगितलेला हिशेब असा: मागच्या ३० वर्षांत १ लाख ५७ हजार कोटींहून जास्त किमतीचे ६७६ प्रकल्प मंजूर झाले. त्यातले पूर्ण झाले ३१७. उरलेल्या ३५९ प्रकल्पांसाठी आता १ लाख ८२ हजार कोटी लागतील. म्हणजे निम्मे प्रकल्प पूर्ण करूनही उरलेलं बिल मूळच्या सगळ्या बिलापेक्षा मोठं! आणि मागच्या १० वर्षांत मंजूर झालेल्या ९९ नव्या मार्गांपैकी तोवर पूर्ण झाला होता फक्त एक.

का मंजूर करायचे मग इतके? कारण मंजुरीला पैसे लागत नाहीत. मंजुरीची घोषणा एका मंत्र्याच्या काळात होते, बिल पुढच्या पाच मंत्र्यांच्या काळात येतं. २०१७ पासून वेगळा रेल्वे अर्थसंकल्प बंद झाला आणि १९२४ पासूनची ती प्रथा संपली. अनेकांना वाईट वाटलं, पण भाषणात नव्या गाड्या आणि नव्या मार्गांची नावं वाचून टाळ्या घ्यायचा कार्यक्रमही त्यामुळे संपला, हे मान्य करायला हवं.

बीडला पैसे का नव्हते मिळत?

रेल्वे नवा मार्ग बांधायचा की नाही हे ठरवताना पहिला प्रश्न विचारते, यातून परतावा किती? बरीच वर्षं निकष होता १४ टक्क्यांचा. म्हणजे १०० रुपये घातले तर वर्षाला १४ रुपये सुटले पाहिजेत. कोळशाच्या खाणीला जाणारा मार्ग यात सहज बसतो. बीडसारखा जिल्हा बसत नाही. मोठा कारखाना नाही म्हणून मालवाहतूक नाही, मालवाहतूक नाही म्हणून रेल्वे नाही, आणि रेल्वे नाही म्हणून मोठा कारखाना येत नाही. हे चक्र बीडकरांना कुणी समजावून सांगायची गरज नाही.

बीड जिल्ह्यात रेल्वे अजिबातच नव्हती असं म्हणणं मात्र चूक आहे. परळी वैजनाथ बीड जिल्ह्यातच येतं आणि तिथे खूप आधीपासून मोठं जंक्शन आहे. पण परळी जिल्ह्याच्या पूर्व टोकाला. जिल्ह्याचं मुख्यालय आणि आष्टी, पाटोदा, शिरूर कासार हा पश्चिमेचा भाग कोरडाच होता. याच पट्ट्यातून दरवर्षी दिवाळीच्या आसपास ऊसतोड मजुरांच्या टोळ्या ट्रक-ट्रॅक्टरमध्ये संसार भरून पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांवर जातात. इथलीच पोरं स्पर्धा परीक्षा आणि नोकरीसाठी पुण्याला जातात, एसटीने किंवा रात्रीच्या ट्रॅव्हल्सने. सणासुदीला ट्रॅव्हल्सवाले तिकिटाचे किती घेतात हे ज्याने दिलेत त्यालाच विचारा.

परताव्याच्या निकषात न बसणारे मार्ग रेल्वेच्या भाषेत "सामाजिकदृष्ट्या आवश्यक" ठरतात. ऐकायला छान वाटतं. व्यवहारात त्याचा अर्थ असा, की आवश्यक आहे हे मान्य, पण रांगेत शेवटी थांबा.

या रांगेतून पुढे यायचा एक रस्ता नंतर तयार झाला. राज्य सरकारने म्हणायचं, निम्मे पैसे आम्ही देतो. त्यामुळे रेल्वेची गुंतवणूक निम्मी होते आणि कागदावरचा परतावा सुधारतो. महाराष्ट्राने नगर-बीड-परळीसाठी ५० टक्के वाटा उचलायचं मान्य केलं. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गासाठी राज्याचा वाटा ४० टक्के आहे. वडसा-गडचिरोली, सोलापूर-तुळजापूर-धाराशिव, कल्याण-मुरबाड हेही याच पद्धतीचे मार्ग. कर्नाटकाने हा मार्ग आपल्या आधीपासून जोरात वापरला.

यावर एक रास्त आक्षेप आहे. रेल्वे हा केंद्राचा विषय. मग राज्याने का पैसे द्यायचे? मुंबई-दिल्ली मार्गावर चौथी लाइन टाकताना कुणी राज्याला निम्मे मागत नाही. मग मागास जिल्ह्याला आपल्या मागासपणाचा दंड का? मला हा आक्षेप पटतो. पण त्याच दमात हेही खरं आहे, की ५० टक्क्यांचा करार नसता तर बीडची गाडी अजूनही निवेदनांच्या फायलीत असती.

तुम्ही आधी द्या, मग आम्ही देतो

निम्मा-निम्मा म्हटलं की नवा प्रश्न येतो, आधी कोण देणार? राज्याचा हप्ता आला नाही तर रेल्वे कामाचा वेग कमी करते. रेल्वेने काम कमी केलं तर राज्य म्हणतं, आधीचे पैसे तरी खर्च करा. दोघांचंही बरोबर आणि काम बंद.

संसदेत कुठल्याही खासदाराने रखडलेल्या मार्गाबद्दल प्रश्न विचारला, की रेल्वेमंत्र्यांच्या लेखी उत्तरात एक परिच्छेद जवळपास शब्दशः तोच असतो. प्रकल्प पूर्ण होणं हे राज्य सरकारने जमीन लवकर ताब्यात देणं, वन विभागाच्या परवानग्या, राज्याने आपल्या वाट्याची रक्कम जमा करणं, वीज-पाणी-केबल हलवणं, भूगर्भाची परिस्थिती, कायदा-सुव्यवस्था, वर्षात कामाचे किती महिने मिळतात वगैरे गोष्टींवर अवलंबून असतं. यादी खोटी नाही. पण ती बारकाईने वाचली तर लक्षात येतं, की त्यात "आम्ही पुरेशी तरतूद केली नाही" हे कारण कधीच नसतं.

त्याच उत्तरांमध्ये अजून एक ठरलेलं वाक्य असतं. रेल्वेचे प्रकल्प राज्यनिहाय नव्हे, तर झोननिहाय मंजूर होतात. यात तांत्रिक तथ्य आहे, मार्ग अनेकदा राज्याच्या सीमा ओलांडतात. मजा अशी, की बजेटच्या दिवशी मात्र राज्यनिहाय आकडे अगदी व्यवस्थित मिळतात. २०२५-२६ साठी महाराष्ट्राला २३,७७८ कोटी, आणि २००९ ते २०१४ या काळात वर्षाला सरासरी फक्त १,१७१ कोटी, हे ग्राफिक तुम्ही नक्की पाहिलं असेल. तुलना अगदीच चुकीची नाही. केंद्राने मागच्या दशकात रेल्वेत खरोखर प्रचंड पैसा ओतलाय. २०२५-२६ ला अर्थसंकल्पातून रेल्वेच्या भांडवली खर्चासाठी जवळपास २.५२ लाख कोटी होते. पण २३,७७८ कोटींमध्ये तुमच्या जिल्ह्याच्या मार्गाला किती, हे त्या ग्राफिकमध्ये नसतं. मुंबईची लोकल, मोठ्या मार्गांवरची तिसरी-चौथी लाइन, सुरक्षेची कामं, स्टेशनांचं नूतनीकरण, सगळं त्यातच येतं.

झोनचा विषय निघालाच आहे तर मराठवाड्याचं एक जुनं दुखणं सांगून टाकतो. नगर-बीड मार्ग मध्य रेल्वेकडे, ज्याचं मुख्यालय मुंबईत. परळी जंक्शन आणि नांदेड विभाग दक्षिण मध्य रेल्वेकडे, मुख्यालय सिकंदराबाद. म्हणजे हा २६१ किलोमीटरचा मार्ग एका झोनमधून निघून दुसऱ्या झोनच्या स्टेशनात शिरणार. नांदेड विभाग मध्य रेल्वेला जोडा, ही मागणी अनेक वर्षांची आहे.

राज्याकडे पैसे नाहीत का?

राज्याचा वाटा निम्मा, म्हणजे ४,८०५ कोटींपैकी साधारण २,४०२ कोटी. हा खूप मोठा आकडा आहे का? थोडी तुलना करून बघू.

समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर, खर्च ५५ हजार कोटींच्या वर. किलोमीटरला जवळपास ७९ कोटी. मुंबईची भुयारी मेट्रो-३ साडेतेहतीस किलोमीटर, खर्च ३७ हजार कोटींच्या वर. किलोमीटरला १,१०० कोटींहून जास्त. नगर-बीड-परळी, वाढलेल्या खर्चासकट, किलोमीटरला १८ कोटींच्या आसपास. मेट्रो-३ च्या चार-साडेचार किलोमीटरच्या पैशांत हा अख्खा मार्ग होतो.

मुंबईची मेट्रो नको होती असं कुणी म्हणत नाहीये. तिथे रोज लाखो लोक लोकलला लटकून जातात. मुद्दा पैसे कुठून येतात हा आहे. मेट्रो-३ साठी जपानच्या जायका संस्थेने मोठं कर्ज दिलं. समृद्धीसाठी बँकांकडून कर्ज उभं राहिलं, ते टोलमधून फिटणार. एमएमआरडीएकडे वांद्रे-कुर्ला संकुलातली सोन्याच्या भावाची जमीन होती. म्हणजे ज्या भागात आधीच पैसा आहे, तिथल्या प्रकल्पाला कर्ज मिळतं, कारण ते फिटण्याची शक्यता दिसते. रायमोह किंवा विघनवाडी स्टेशनावरच्या तिकीट विक्रीवर कुठली बँक कर्ज देईल? अशा मार्गाला फक्त सरकारी तिजोरीतला रोख पैसाच लागतो. आणि रोख पैशासाठी सगळ्यात जास्त भांडण असतं.

तो रोख पैसा सध्या कुठे जातो हेही बघावं लागेल. २०२५-२६ च्या राज्य अर्थसंकल्पात लाडकी बहीण योजनेसाठी ३६ हजार कोटी होते. महिन्याला ३ हजार कोटी. म्हणजे बीडच्या रेल्वेसाठी राज्याने तीन दशकांत मिळून द्यायची एकूण रक्कम ही योजनेच्या एका महिन्याच्या खर्चापेक्षा कमी आहे. बीडच्या आष्टी-पाटोद्यातल्या बाईला महिन्याला मिळणारे १,५०० रुपये फुकट जातात असं मी म्हणणार नाही, तिच्या घरात त्याचं मोल मोठं आहे. पण "राज्याकडे रेल्वेसाठी पैसे नाहीत" हे वाक्य पुढच्या वेळी ऐकाल तेव्हा हा आकडा आठवा. पैसे असतात. प्राधान्य कशाला, हा प्रश्न असतो.

केंद्र राज्यांना भांडवली कामांसाठी ५० वर्षं मुदतीचं बिनव्याजी कर्जही देतं. २०२५-२६ साठी त्याची देशभराची तरतूद दीड लाख कोटी होती. रस्ते, पूल, रेल्वेतला राज्याचा वाटा, अशा कामांसाठी राज्यं त्याकडे बघतात. हे कर्ज म्हणजे जवळपास अनुदानच, कारण ५० वर्षांनी फेडायच्या रकमेची किंमत तेव्हा फारशी उरलेली नसते. आपल्या आमदाराने विधानसभेत या पैशातून आपल्या जिल्ह्याला काय आलं असा प्रश्न विचारल्याचं तुम्ही कधी ऐकलंय का? मी फारसं ऐकलेलं नाही.

मराठवाड्याच्या अनुशेषाची चर्चा तर १९८४ च्या दांडेकर समितीपासून चालू आहे. पण अनुशेषाच्या त्या हिशेबात सिंचन, रस्ते, शाळा, दवाखाने होते. रेल्वे केंद्राची म्हणून ती त्या वहीतच नव्हती. १९९४ ला स्थापन झालेल्या वैधानिक विकास मंडळांची मुदतही ३० एप्रिल २०२० ला संपली.

मग शेवटी गाडी आली कशी?

एका नेत्याला श्रेय द्यायची आपल्याकडे घाई असते. गोपीनाथ मुंडे यांनी हा विषय आयुष्यभर लावून धरला हे बीडमध्ये त्यांचे विरोधकही मान्य करतात. त्यांचं ३ जून २०१४ ला अपघाती निधन झालं तेव्हा ते केंद्रात ग्रामविकास मंत्री होते, आणि तोवर एकही प्रवासी गाडी धावलेली नव्हती. रेल्वे कृती समितीतल्या लोकांनी मोर्चे, उपोषणं, रेल रोको, सगळं केलं. पण वेग आला तो २०१४ नंतर, केंद्र आणि राज्य दोघांनी एकाच वेळी हात सैल केला तेव्हा.

पुढचे टप्पे असे पडले. २३ सप्टेंबर २०२२ ला नगर ते आष्टी हा ६६ किलोमीटरचा टप्पा सुरू झाला. २८ फेब्रुवारी २०२४ ला पंतप्रधान नरेंद्र मोदींनी यवतमाळच्या कार्यक्रमातून आष्टी ते अंमळनेर या साधारण ३३ किलोमीटरचं लोकार्पण केलं. हे बीड जिल्ह्यातलं अंमळनेर, जळगावचं नव्हे. त्याच कार्यक्रमात वर्धा ते कळंब हा वर्धा-यवतमाळ-नांदेडचा पहिला तुकडाही सुरू झाला. आणि सप्टेंबर २०२५ ला बीड.

सोलापूर-तुळजापूर-धाराशिव मार्गाचा अनुभव बघा. ८४ किलोमीटर. सुरुवातीचा अंदाज ९०५ कोटींच्या आसपास. पुढे खर्च ३,२९५ कोटींवर गेला आणि राज्याला नोव्हेंबर २०२५ मध्ये आपल्या वाढीव वाट्याला पुन्हा मंजुरी द्यावी लागली. राज्याने फक्त एकदा "हो" म्हणून भागत नाही. प्रत्येक सुधारित अंदाजानंतर नव्याने "हो" म्हणावं लागतं, आणि त्या प्रत्येक "हो"साठी फाइल पुन्हा वित्त विभागाच्या टेबलावर जाते. तिथे ती किती दिवस राहते, त्यावर पुढचा सुधारित अंदाज ठरतो.

निव्वळ निम्म्या-निम्म्याच्या बाहेरचाही एक प्रयोग आपल्याकडे झाला. पुणे-नाशिक सेमी हायस्पीड मार्ग, २३५ किलोमीटर, १६ हजार कोटी. राज्य आणि रेल्वे यांच्या भागीदारीतल्या महारेल कंपनीने तो आखला होता. २० टक्के राज्य, २० टक्के रेल्वे, ६० टक्के कर्ज. कागदावर पैशाचा प्रश्न सुटलेला होता, पुणे आणि नाशिक म्हणजे कर्ज फिटण्याची खात्रीही होती. अडलं कुठे? जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीपाशी. रेल्वेच्या विद्युत यंत्रणेमुळे तिथल्या निरीक्षणात अडथळा येईल म्हणून जुना मार्ग नाकारला गेला आणि आखणी नव्याने सुरू झाली. तेव्हा सगळं पैशानेच अडतं असंही नाही.

गाडी आली, पण उपयोग किती?

हा प्रश्न बीडमध्ये पहिल्या आठवड्यातच विचारला जाऊ लागला. बीड ते नगर १६६ किलोमीटर. सुरुवातीच्या वेळापत्रकात त्याला पाच तासांहून जास्त वेळ होता. एसटी त्याच्या आधी पोचते, आणि एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. शिवाय गाडी सकाळी नगरहून निघून दुपारी बीडला येणार आणि लगेच परत फिरणार. म्हणजे नगरच्या माणसाला बीडला येऊन त्याच दिवशी परत जाता येतं, तेही धावतपळत. बीडच्या माणसाला नगरला सकाळी जाऊन काम करून संध्याकाळी परत यायची सोय या गाडीत नाही. पुण्या-मुंबईची थेट गाडी तर दूरच.

यावरून "बघा, रिकामी धावते, उगाच खर्च केला" असं म्हणणारे येतीलच. त्यांना एवढंच सांगता येईल, की अर्ध्यावर तुटलेल्या मार्गाचा हिशेब पूर्ण मार्गासारखा करू नका. नगर-बीड हा सध्या एका बाजूने बंद असलेला फाटा आहे. परळीला जोडला गेला, की पुण्याकडून नांदेड-हैदराबादकडे जाणारी प्रवासी आणि मालवाहतूक इकडून वळवता येते. कापूस, सोयाबीन, साखर, परळीच्या औष्णिक केंद्राचा कोळसा, या सगळ्याला तेव्हा अर्थ येतो. ४,८०५ कोटींतला मोठा हिस्सा खर्च करून शेवटचे ९५ किलोमीटर रेंगाळत ठेवणं हाच खरा अपव्यय ठरेल.

पुढच्या घोषणेच्या वेळी काय बघाल?

तुमच्या भागातल्या मार्गाची बातमी येईल तेव्हा शब्द नीट वाचा. "सर्वेक्षणाला मंजुरी" म्हणजे मार्गाला मंजुरी नाही. "तत्त्वतः मान्यता" म्हणजे पैसे नाहीत. "डीपीआर सादर" म्हणजे अहवाल एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात गेला. मोठ्या प्रकल्पाला नीती आयोगाचं मूल्यमापन आणि शेवटी केंद्रीय मंत्रिमंडळाच्या आर्थिक समितीची मान्यता लागते; तिथपर्यंत गेलंय का, हे विचारा.

त्यानंतर पिंक बुक. अर्थसंकल्पासोबत रेल्वे हे पुस्तक झोननिहाय प्रसिद्ध करते आणि ते रेल्वेच्या वेबसाइटवर कुणालाही मिळतं. त्यात "नवे मार्ग" या भागात आपल्या मार्गाची ओळ शोधायची. एकूण अपेक्षित खर्च किती, आजवर किती झाला, यंदा किती दिले. यंदाची रक्कम एकूण उरलेल्या खर्चाच्या ६-७ टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर वरचं कासवाचं गणित लावा: तो मार्ग पुढे नाही, मागे चाललाय. खासदाराला टॅग करून "रेल्वे कधी?" विचारण्यापेक्षा त्या ओळीचा स्क्रीनशॉट टाकून "एवढेच का?" विचारलं तर उत्तर देणं त्यांना जड जातं.

राज्याच्या बाजूने शासन निर्णय बघायचा. राज्याचा हप्ता सुटला की तो शासनाच्या वेबसाइटवर येतो, रकमेसकट. आणि जमिनीचं विचारायचं जिल्हाधिकारी कार्यालयात: किती हेक्टर लागणार, किती ताब्यात आली, किती शेतकऱ्यांचा मोबदला बाकी. माहिती अधिकाराच्या एका अर्जाचं काम आहे.

नगर-बीड-परळीची ओळ मध्य रेल्वेच्या पिंक बुकमध्ये आहे. बीड-परळी टप्प्यातली जमीन, राज्याचा उरलेला हप्ता आणि त्या ओळीतला या वर्षीचा आकडा, या तीन गोष्टी एकत्र ठेवल्या की परळीला गाडी कधी पोचणार याचा अंदाज कुठल्याही भाषणापेक्षा बरा येतो.